चार बोटं पाणी

सोळा नोव्हेंबर, रविवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. वारा पडलेला, खिडकीतला पडदा भिंतीवर रंगवल्यासारखा स्थिर.

सकाळी दहाला दादा बाथरूममध्ये उकिडवा बसला आणि शॉवरखालची जाळी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला लागला. काम काही जगावेगळं नव्हतं. गेला आठवडाभर पाणी उतरायला वेळ लावत होतं. शॉवर सुरू केला की आधी ते तळव्यांखाली थांबायचं, मग बोटांच्या फटींत, आणि आंघोळ संपेपर्यंत घोट्याशी साबणाचं पांढुरकं तळं साचलेलं असायचं. असं कुठल्याही घरात होतं. केस अडकतात, साबणाचा चिकटा धरतो. जाळी काढायची, तारेच्या आकड्यानं घाण ओढायची, झालं.

त्यातून दादाचा धंदाच हा. एका दहा मजली इमारतीच्या देखभाल विभागात तो पर्यवेक्षक होता. तिथं लादी पुसली की ‘ओलं आहे, जपून चाला’ असा पिवळा फलक ठेवल्याशिवाय तो कुणाला पुढं जाऊ देत नसे. हाताखालची माणसं पाठीमागं म्हणत, दादा एखाद्या दिवशी पावसालासुद्धा फलक लावतील. कामावर सगळे दादा म्हणत, घरात बहीण दादा म्हणे, त्यामुळे आपणही दादाच म्हणू.

घरची कामं मात्र रविवारची. नळ गळतोय, रविवारी बघतो. दाराची कडी बसत नाही, येत्या रविवारी. त्याची धाकटी बहीण चिमी त्याला रविवारराव म्हणायची. “आमच्या रविवाररावांनी लग्नसुद्धा पुढच्या रविवारावर टाकलं,” असं ती चारचौघांत सांगायची, “आणि मग कॅलेंडरच संपलं.” दादा हसायचा. मार्चपासून तो त्यावर हसत नव्हता.

या रविवारी मात्र चालढकल करून भागणार नव्हतं. गुरुवारी चिमी यायची होती. तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या घराला तीन जिने होते. इथं लिफ्ट होती. सहा आठवडे ती इथं राहणार होती. घरात बाथरूम एकच. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की पाय घसरता कामा नये. पडलीस तर आहे त्याहून वाईट होईल.

जाळी निघाली. दादानं विजेरी धरली. खालच्या वाटीत स्वच्छ पाणी, आणि त्यात विजेरीचा गोळा तरंगत असलेला. त्यानं तार घातली, फिरवली, ओढली. तार जशी गेली तशी बाहेर आली. एक केससुद्धा नाही. मग रबरी पंप लावून पाहिला. मग सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं. ते थोडा वेळ फसफसलं आणि गप्प झालं. मग उकळतं पाणी. शेवटी जाळी बसवून त्यानं एक भरलेली बादली एका दमात ओतली. पाणी एका घोटात गेलं.

“चला,” तो स्वतःशीच म्हणाला, आणि घाम आला होता म्हणून कपडे काढून शॉवरखाली उभा राहिला.

तिसऱ्या मिनिटाला तळव्यांखाली पाणी थांबलं. पाचव्याला बोटं बुडाली. मग ते घोट्याच्या हाडापाशी येऊन थांबलं. चार बोटं. दादानं मोजलं नाही. पाणी किती आहे हे त्याला न मोजता कळत होतं, आणि ते आपल्याला कसं कळतं, याचा विचार तो करत नव्हता.

दुपारी त्यानं चिमीला फोन लावला.

“मी काय म्हणतो, गुरुवारच्या ऐवजी रविवारी आलीस तर?”

“का रे?”

“बाथरूमचं थोडं काम निघालंय.”

“काय काम?”

“पाणी उतरत नाही नीट.”

“मग त्याला किती वेळ लागतो? तुझा तर हातखंडा.” ती हसली. “दादा, मला टाके घातलेत, मूर्ख नाही केलं. रविवारी ये म्हणजे कुठल्या रविवारी, ते आधी लिहून दे.”

“तसं नाही गं, चिमे...”

“गुरुवारी येतेय. माझ्याकडे किल्ली आहे. बाबांच्याच घरी येतेय ना, तुझी परवानगी काय घ्यायची.”

दादानं फोन ठेवला. बाबांच्या घरी, असं ती म्हणाली होती, सहज.

आता बाबांचं सांगायला हवं. दादानं ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

बाबा ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. आवाज मुळात बारीक, आणि आंघोळीच्या खोलीतून ओरडणं त्यांना असभ्य वाटायचं. आतून काही हवं असलं की ते प्लास्टिकचा मग नळाच्या पाइपवर तीनदा ठोकायचे. टक, टक, टक. टॉवेल राहिला. टक, टक, टक. साबण संपला. मुलं लहान होती तेव्हापासूनची ही पद्धत. घरात कुणालाही त्याचं नवल वाटत नसे. भांडणसुद्धा व्हायचं की या वेळी उठायची पाळी कुणाची.

गेल्या जानेवारीत पाणी तुंबायला लागलं, तेव्हापासून त्या ठोक्यांचा अर्थ एकच झाला होता. ये, बघ, आज किती साचलंय. दादा सुरुवातीला दारापर्यंत जायचा. मग खुर्चीतूनच ओ द्यायचा. बाबा रागावले नाहीत. त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे नोंद ठेवायला सुरुवात केली. मेणाच्या पेन्सिलीनं भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या पातळीला बारीक आडवी रेघ, शेजारी तारीख, शेजारी आकडा: अडीच बोटं, तीन बोटं, साडेतीन. अक्षर नकाशावर असतं तसं, सुटं आणि सरळ. टोमणा म्हणून नव्हे. माप घेतलं की माणूस काम करतो, एवढाच त्यांचा विश्वास.

दोन मार्च, रविवार. सकाळचे दहा. दादा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मॅच बघत होता. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बादली असेल. मग टक, टक, टक.

“ऐकलं, बाबा,” तो खुर्चीतूनच म्हणाला. “पुढच्या रविवारी नक्की.”

पुन्हा टक, टक, टक. पुन्हा. आज म्हातारा ऐकतच नाही, असं त्याच्या मनात आलं. त्याच शब्दांत आलं. त्यानं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज चार घरं वाढवला. आवाजाखालून ठोके येत राहिले. मग त्यांतलं अंतर वाढलं. मग तीनाऐवजी दोन. मग एक. मग थांबले. दमले, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पंचवीस मिनिटांनी तो उठला. बाबा कुशीवर पडले होते, हातात तो प्लास्टिकचा मग, तोंड पाण्यात. पाणी चार बोटं होतं.

त्यानं त्यांना उचलून पलंगावर निजवलं. छातीला कान लावला. नाडी पाहिली, परत पाहिली. आणि मग तो फोनकडे गेला नाही. परत बाथरूममध्ये गेला, जाळी उचकटली, आत हात घातला आणि केसांचा, साबणाचा, उंदराएवढा गोळा ओढून काढला. पाणी गुरगुरत उतरलं. मग स्पंज घेऊन टाइलवरच्या रेघा पुसल्या, एकेक करून. बाहेर आल्यावर घड्याळाकडे नजर गेली. जाळी उघडण्यापासून पाणी जाईपर्यंत चार मिनिटं लागली होती. दोन महिने राहिलेलं काम.

त्यानंतर त्यानं डॉक्टरांना फोन केला. “चक्कर आली बहुतेक,” असं सांगितलं. वय एक्याऐंशी. हृदयक्रिया बंद पडली, असं कागदावर आलं. चिमीलाही त्यानं तेच सांगितलं, शब्दाला शब्द तोच. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, “शेवटपर्यंत केलंस हो बाबांचं. आमच्याकडच्यांनी शिकावं तुझ्याकडून.” दादानं मान खाली घातली. सगळ्यांना ते दुःख वाटलं.

सोमवारी संध्याकाळी त्यानं प्लंबर बोलावला. कामावरच्या ओळखीतला नव्हे, मुद्दाम लांबचा. जो दिवसभर पाइपांबद्दल सूचना देतो, त्याच्याच घरी पाणी तुंबतंय हे कळलं तर हसू होईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं.

प्लंबर पोट सुटलेला, बोलका माणूस होता. त्यानं वीस फुटांची स्प्रिंग आत सोडली, ती पार खालच्या चेंबरपर्यंत गेली. परत ओढून बोटानं पुसून बघितली.

“साहेब, हा पाइप आहे का आरसा? माझ्या घरचं ताट एवढं साफ नसतं.”

“पण पाणी तुंबतंय.”

“बघू.” त्यानं दोन बादल्या ओतल्या. पाणी गेलं. शॉवर दहा मिनिटं सोडून ठेवला आणि दोघं दारात उभे राहून बघत बसले. एक थेंबही साचेना. “कुठाय तुंबलेलं?”

“आंघोळ करताना तुंबतं.”

“म्हणजे नुसतं सोडलं तर जातं, आणि माणूस उभा राहिला की थांबतं?” प्लंबरनं कपाळाचा घाम पुसला आणि एकदम हसला. “अहो, मग तुमचाच पाय येत असणार जाळीवर. एवढीशी जाळी. टाच टेकली की झाकणच बसलं. पाय जरा बाजूला ठेवत चला.”

दादाही हसला. हसल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. एवढं साधं असू शकतं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

प्लंबर अवजारं आवरायला वाकला आणि कोपऱ्यातली बादली त्यानं सरकवली. “हे काय लिहिलंय?”

बादलीमागच्या टाइलवर, फिकट, एक रेघ होती. सगळ्या पुसल्या असं दादाला वाटलं होतं. ही राहून गेली होती. प्लंबरनं मान वाकडी करून वाचलं, “नऊ फेब्रुवारी. साडेतीन बोटं. अक्षर काय सुरेख आहे हो. कुणाचं?”

“जुनं असेल काहीतरी,” दादा म्हणाला.

तो गेल्यावर दादानं स्पंज घेतला. टाइलपर्यंत हात नेला. पण पुसवलं नाही. त्यानं बादली परत होती तिथं लावली.

मंगळवारी सकाळी सात वाजता, लख्ख उजेडात, तो आंघोळीला गेला. खिडकीच्या धुरकट काचेतून पांढरा उजेड येत होता. पाठ भिंतीला टेकून, दोन्ही पाय जाळीपासून हातभर लांब ठेवून त्यानं शॉवर सुरू केला आणि खाली बघत राहिला. पाणी जाळीकडे वाहत होतं. तिथं पोचून भोवती वळत होतं, नदीतल्या दगडाभोवती वळावं तसं. मग साचायला लागलं.

साबणाच्या फेसानं जाळी झाकली. दादा हळूहळू खाली बसला. असेल, एखादा कागद येऊन बसला असेल. त्यानं पाण्यात हात घातला आणि जाळी चाचपली.

हाताला जाळी लागली नाही.

गार, जाड, किंचित मऊ असं काहीतरी लागलं. गोलसर. बोटं कडेनं फिरली तशा भेगा लागल्या, खोल, कोरड्या ऋतूत पडतात तशा. एक भेग मधोमध आडवी, बाकीच्या तिला फुटलेल्या. ती आडवी भेग दादाला ठाऊक होती. म्हातारपणी बाबांना वाकता येत नसे, म्हणून महिन्यातून एकदा तो तिथं मलम भरायचा. तेही रविवारी.

त्याचा हात तिथंच राहिला. भीतीनं नव्हे. भीती नंतर आली. पहिल्यांदा जे आलं त्यानं त्याचं तोंड तापलं, कान तापले, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर तापायचे तसे. आपण उघडे आहोत, आणि आपल्याकडे वरून कुणीतरी बघतंय, काही न बोलता, माप घेत... असं त्याला वाटलं. त्यानं वर बघितलं नाही. डोळे मिटून, गुडघ्यांवर सरकत, तो बाहेर आला.

त्या दिवशी त्यानं रजा टाकली. रबरी चटई आणली. भिंतीला ड्रिलनं भोकं पाडून स्टीलचा कठडा बसवला, दोन्ही हातांनी लोंबकळून त्याची ताकद पाहिली. बसून आंघोळ करायला न घसरणारं स्टूल आणलं. काम चोख झालं. बाबांनी कधी कठडा मागितला नव्हता. त्यांनी फक्त जाळी उघडायला सांगितली होती.

चिमीला सांगायचं का? रात्री जेवताना त्यानं मनातल्या मनात सुरुवात करून बघितली. चिमे, तुला एक सांगायचंय. त्याच्यापुढचं वाक्य जमेना. काय सांगायचं, बाथरूममध्ये काय आहे ते, की ते का आहे ते? पहिलं सांगितलं की दुसरं विचारलं जाणारच. गुरुवारी बघू, असं त्यानं ठरवलं. आणि आपण काय ठरवलं हे लक्षात आल्यावर घास तसाच ताटात ठेवला.

बुधवारी, एकोणीस तारखेला, तो कामावरून साडेपाचला परतला. दाराबाहेर काठी टेकवलेली नव्हती, बॅग नव्हती, काहीच नव्हतं. पण किल्ली फिरवून आत पाऊल टाकलं तेव्हा पॅसेजमध्ये दिवा होता आणि आतून शॉवरचा आवाज येत होता.

चिमी एक दिवस आधी आली होती.

आणि शॉवरच्या आवाजाखालून ठोके आले. टक, टक, टक.

दादा चप्पल काढता काढता एका पायावर थांबला. पुन्हा ठोके. मग थोडं अंतर. मग दोन. त्याला धावायचं होतं. पाय उचलला जात नव्हता. तोंडातून मात्र, त्याच्या नकळत, शब्द बाहेर पडला, “ऐकलं...”

तो शब्द स्वतःच्या कानांवर पडला तशी कुणीतरी मानगूट धरून ढकलावं तसा तो पॅसेजमधून धावला आणि बाथरूमचं दार त्यानं ढकललं.

“अरे, अरे, दार लोट. माझ्या अंगावर नुसता टॉवेल आहे.” चिमीचा आवाज धडधाकट होता. “मेला, माणूस दार वाजवतो की नाही?”

दादानं दार ओढून घेतलं, बोटभर फट ठेवून. आणि बाहेरच, भिंतीला पाठ लावून, पॅसेजच्या लादीवर बसला.

“हॉस्पिटलातल्यांनी आजच सोडलं. मैत्रिणीनं गाडीनं आणून घातलं. म्हटलं, तू येईपर्यंत आंघोळ उरकावी. कठडा छान लावलास हं. पण हे पाणी बघ, घोट्यापर्यंत आलंय. उठायचं म्हटलं तर लादी दिसत नाही, म्हणून बाबांसारखं ठोकून पाहिलं. एकदाच ठोकलं, आणि आलास की लगेच. सुधारलास म्हणायचं, रविवारराव.”

“एकदाच?”

“हो. का?”

दादानं मनातल्या मनात ठोके परत मोजले.

“शॉवर बंद केलाय मी,” ती म्हणाली. पाण्याचा आवाज थांबला होता खरा. थेंब पडत होते, एकेक. “तरी जात नाहीये. थांब, जाळीवर काय अडकलंय ते हात घालून बघते. स्टुलावरून हात पोचतोय.”

“हात घालू नकोस.”

“अरे, घाण तर असेल. मला काय...”

“चिमे, हात घालू नकोस. पाया पडतो तुझ्या.”

त्याचा तसा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. “काय आहे खाली?” तिनं हळूच विचारलं.

“टाच आहे,” दादा म्हणाला.

“कशाची?”

“बाबांची.”

ती हसेल, अशी त्याला आशा होती. ती हसली नाही. मग त्यानं सांगितलं. जानेवारीपासून सांगितलं, रेघांचं सांगितलं, मॅचचं सांगितलं. आवाज किती घरं वाढवला तेही सांगितलं. ते सांगण्याची गरज नव्हती, पण आता त्यातलं काहीच वगळता येत नव्हतं. आपण ‘म्हातारा’ हा शब्द मनात वापरला, हेसुद्धा सांगितलं. आधी गोळा काढला, मग फोन केला. चार मिनिटं लागली.

पॅसेजमधला दिवा स्थिर होता. दाराच्या फटीतून साबणाचा वास येत होता, आणि त्याखालून आणखी एक वास, मलमाचा.

“किती वेळ ठोकत होते?” चिमीनं विचारलं.

“पंचवीस मिनिटांनी मी गेलो. ठोके त्याआधी थांबले होते.”

“किती आधी?”

“माहीत नाही... टीव्ही चालू होता.”

“मला तू चक्कर म्हणालास.”

“हो.”

“मी त्या दिवशी तुझ्या गळ्यात पडून रडले होते, दादा. मी तुझी समजूत घालत होते.”

आतून पाणी हलल्याचा आवाज आला. ती वाकली होती.

“चिमे, नको...”

पाणी हलायचं थांबलं. दादा फटीकडे बघत नव्हता; समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग चिमीचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. लहानपणी बाबांच्या खोलीत शिरताना ती असं बोलायची.

“भेगा तशाच आहेत.”

आणि मग, त्याच्याशी नव्हे, “बाबा, मी आलेय. त्यानं सांगितलंय मला सगळं. पाय उचला आता... उचला ना.”

जाळीतून एक बुडबुडा फुटल्याचा आवाज झाला. पाणी गुरगुरलं. दादानं सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. गुरगुर थांबेपर्यंत बेचाळीस सेकंद लागले.

त्यानंतर दाराची फट थोडी रुंद झाली. दाराला कुणी हात लावला नव्हता; चिमी स्टुलावरच होती, तिचा श्वास तिथूनच येत होता. उंबऱ्याच्या बाहेर कोरड्या लादीवर एक ओलं पाऊल उमटलं. टाच जड, बोटं पसरलेली. मग दुसरं. ती सावकाश येत होती, म्हाताऱ्या माणसाची, भिंतीच्या कडेकडेनं. दादानं ती मोजली. नऊ होती. सगळी बाहेर येणारी, आत जाणारं एकही नाही. शेवटची दोन त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर जोडून थांबली, बोटं त्याच्याकडे करून.

“गेलं पाणी,” आतून चिमी म्हणाली. “मला उठव.”

तो भिंतीला धरून उठला. डोळे दुसरीकडे करून आत गेला, तिचा गाऊन दिला आणि हात पुढं केला. चिमीनं त्या हाताकडे पाहिलं. मग कठडा धरला आणि त्याच्या आधारानं उठली.

ती ठरल्याप्रमाणे सहा आठवडे राहिली. गोळ्यांची वेळ, जेवण, व्यायाम, एवढ्यापुरतं बोलत होती. ती एकदाही घसरली नाही. बाथरूममधलं पाणी रोज बेचाळीस सेकंदांत उतरत होतं.

पॅसेजमधली पावलं त्या संध्याकाळी पुसली तरी वाळली नाहीत. गुरुवारी ती जेवणाच्या टेबलापाशी होती, शुक्रवारी दादाच्या खोलीच्या दारात. शनिवारी दाराच्या आत दोन हात. रविवारी, तेवीस नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता दादाला जाग आली तेव्हा पलंगाच्या कडेला दोन होती, जोडून, आणि उशी, ज्या बाजूला त्याचं तोंड होतं त्या बाजूनं, चार बोटं खोल भिजलेली होती.